पैशाच्या पायरीचा हिशेब : सेबीच्या अध्यक्षांस खुले पत्र

शिरोली एमआयडीसी, जि. कोल्हापूर

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
मुंबई

माननीय महोदय,



पंचगंगेपलीकडे, पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या ज्या वसाहतीतून हे पत्र लिहीत आहे, तेथील फौंड्र्यांत कास्टिंगचा दर किलोवर ठरतो आणि त्यात पन्नास पैशांचा फेरफार सुचवला, तरी घेणारा आणि देणारा दोघेही हिशेबाला बसतात. पैशाची अशी कदर असलेल्या माणसांनी आपली शिल्लक शेअरबाजारात घालावी आणि तेथे पदरी पडलेल्या भावाची मात्र चौकशी करू नये, हे विसंगत दिसते खरे. परंतु दोष त्यांच्या आळसाचा नसून, चौकशीस लागणारा दाखलाच त्यांच्या हाती दिला जात नाही, हे आपल्या निदर्शनास आणावे, एवढ्यासाठीच ही दरखास्त.

प्रथम श्रेय द्यावयाचे ते मोकळ्या मनाने देतो. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने समभागांचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर आणले, त्यापूर्वी दलालाने कोणत्या घटकेला कोणत्या भावाने खरेदी केली, हे अशिलाला दलालाच्याच तोंडून कळत असे. आज शिरोलीचा कामगार आणि मुंबईची बलाढ्य संस्था यांच्या ऑर्डरी बाजाराच्या एकाच खुल्या वहीत रुजू होतात, आधी भाव आणि मग वेळ या क्रमाने भरल्या जातात, आणि ही वही टाळून जे परस्पर सौदे लावले जातात, त्या डब्बा व्यवहाराला कायदा गुन्हा मानतो.

या व्यवस्थेचे मोल अमेरिकेकडे पाहिले म्हणजे अधिक पटते. तेथे २००५ च्या नियमाने एक डॉलर व त्यावरील समभागांचे भाव सेंटहून बारीक तुकड्यांत मांडण्यास बंदी केली. पण प्रत्यक्ष सौदा तशा तुकड्यांत होण्यास सर्वस्वी मज्जाव केला नाही. त्यामुळे सामान्यांच्या ऑर्डरी ब्रोकरला मोबदला देऊन मिळवणाऱ्या बड्या पेढ्या सेंटच्या एखाद्या क्षुल्लक अंशाने भाव सुधारून त्या आपल्याच घरी भरतात, आणि बाजारात उघडपणे भाव लावून उभा राहिलेला मनुष्य तसाच ताटकळत राहतो. ही वहिवाट आपल्याकडे नाही. ती कोणत्याही सोज्ज्वळ नावाने येऊ नये, ही पहिली विनंती.

तथापि बारीक पायरीचा प्रश्न आपल्याही दारी आला आहे. मुंबई शेअर बाजाराने २०२३ मध्ये शंभर रुपयांखालील, आणि राष्ट्रीय शेअर बाजाराने १० जून २०२४ पासून अडीचशे रुपयांखालील समभागांची टिक, म्हणजे भावाची किमान पायरी, पाच पैशांवरून एका पैशावर आणली. यात किफायत निःसंशय आहे : पन्नास रुपयांचे शंभर समभाग घेताना खरेदी-विक्रीच्या भावांत पाच पैशांचा फरक म्हणजे पाच रुपये, आणि डिलिव्हरीच्या खरेदीवर ०.१ टक्क्याने सरकार जो प्रतिभूती व्यवहार कर घेते, तोही पाचच रुपये. परंतु ज्याला घाई नाही, जो लिमिट ऑर्डर लावून सकाळपासून रांगेत आहे, त्याच्यापुढे आता केवळ एक पैसा अधिक मोजून कोणताही वेगवान यंत्रधारी उभा राहू शकतो. भावाची पायरी जितकी लहान, तितकी रांगेत आधी येण्याची किंमत कमी. याउलट जेथे खरेदीविक्रीच विरळ, अशा लहान कंपनीच्या समभागात मार्केट ऑर्डर देणारा नवखा एकेक पायरी चढत कोठवर जाऊन पोहोचला, हे त्याला उमगतही नाही.

वसाहतीत मालाची गाडी काट्यावर गेली, की पावतीवर भरल्या गाडीचे, रिकाम्या गाडीचे आणि निव्वळ अशी तिन्ही वजने येतात, म्हणूनच तंटा उद्भवला तरी तो निकाली निघतो. सौद्यानंतर ब्रोकरकडून मिळणाऱ्या काँट्रॅक्ट नोटवर मात्र ऑर्डरची वेळ असते, सौद्याची वेळ असते, कराचा आणि दलालीचा तपशील असतो. त्या क्षणी खरेदीचा सर्वोच्च आणि विक्रीचा नीचतम भाव काय होता, हे नसते. सरकारला दिलेले पाच रुपये दिसतात, फरकात गेलेले पाच रुपये दिसत नाहीत.

म्हणून दुसरी विनंती अशी की, ऑर्डर बाजारात पोहोचतानाचे हे दोन्ही भाव काँट्रॅक्ट नोटवर नोंदवण्याचा हुकूम आपण काढावा. आणि किरकोळ ऑर्डरी या भावांच्या तुलनेत कशा भरल्या गेल्या, याचा समभागवार गोषवारा बाजारांनी दर तिमाहीस प्रसिद्ध करावा. अमेरिकेने असे अहवाल २००० सालच्या नियमानेच सक्तीचे केले आणि २०२४ मध्ये मोठ्या ब्रोकरांनाही त्या कक्षेत आणले. आपल्या प्रत्येक बाजाराची वही तर एकत्र आणि खुली असल्यामुळे हे काम आपणास त्यांच्याहून सुकर आहे. सर्व नोंदी बाजारांच्या दफ्तरी आधीच आहेत. त्या ज्याच्या पैशाच्या आहेत, त्याला दाखवण्याची तजवीज तेवढी बाकी आहे.



आपला विनीत,
शिरोली एमआयडीसीतील एक किरकोळ गुंतवणूकदार