देवयानीची बाजू

आमच्या गोंदियात वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’चा (१९५९) विषय काढला, की देवयानी गर्विष्ठ आणि शर्मिष्ठा प्रेमळ, असा निकाल लगेच लागतो. देवयानी तापट आहेच. राजकन्येला दासी करून तिने सोबत आणले, हा अन्यायच. पण फसवले कोणी कोणाला? ययातीने दुसरे नाते लपवले, मूल झाले तरी लपवले. निकाहाला साक्षीदार का लागतात, ते इथे कळते.

आपल्याकडेही दुसऱ्या लग्नासाठी ‘इजाजत आहे’ म्हणणारे पुष्कळ. इन्साफाची अट काढली की चहा मागवतात!

आणि ययाती? तो वासनेचा बळी, बिचारा. महाभारतातली देवयानी बापाकडे दाद मागायला जाते. दुसरीकडे कुठे जाणार होती?