मोटारसायकलचा टायर व घरचीं हत्यारें

शेतकऱ्याच्या दाराशीं पूर्वीं बैलगाडी उभी असे. हल्लीं तिच्या शेजारीं किंवा तिच्या जागीं मोटारसायकल उभी असते. डेअरीस दूध पोंचविणें, खताची गोणी आणणें, रात्रीं वीज आली कीं पंप सुरू करण्यास मळ्यांत जाणें, आजाऱ्यास दवाखान्यांत नेणें, हीं सर्व कामें तिच्यावर होतात. असें असतां आंसास वंगण घालणें, धांव सैल झाल्याचें आवाजावरून ओळखणें, जूं व शिवळा दुरुस्त करणें हें ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें, त्याच घरांतील मनुष्य मोटारसायकलच्या चाकांतील हवा गेली कीं अगतिक होऊन रस्त्याच्या कडेस उभा राहतो, ही गोष्ट आम्हांस शोचनीय वाटते. मोटारसायकलचा टायर उतरविण्याचीं व चढविण्याचीं हत्यारें गांवांतल्या गांवांत करतां येतात. तीं करावींत व प्रत्येक वस्तीवर असावींत, असें आमचें मत आहे. मात्र तीं कशींहि केलेलीं चालतील, असें आमचें मत नाहीं.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पीकपाहणी व पैसेवारी यांच्या निमित्तानें आमचें आयुष्य आडरस्त्यांवर गेलें, व या प्रकारच्या हकीगती आम्हीं पुष्कळ पाहिल्या. त्यांतील बहुतेक एकाच सांच्याच्या असतात. दुधाच्या दोन किटल्या मागें बांधलेल्या आहेत, डेअरीची वेळ जवळ आली आहे, बाभळीचा कांटा चाकांत शिरला आहे, आणि पंक्चरवाला चार-पांच मैलांवर आहे. मग तो इसम दुधाच्या काळजीनें तशाच बसलेल्या चाकावर गाडी हांकतो. हवा नसलेला टायर रिमवर सरकूं लागतो, त्याच्याबरोबर ट्यूबहि सरकते, परंतु तिचें तोंड रिमच्या भोंकांत अडकलेलें असल्यामुळें तें मुळापासून उपटून निघतें. जेथें एका ठिगळानें काम भागलें असतें, तेथें ट्यूब टाकून द्यावी लागते. दूध वेळेवर पोंचत नाहीं तें निराळेंच. हा खर्च घरखर्चाच्या वहींत कोणी लिहीत नाहीं, म्हणून तो कोणास दिसतहि नाहीं.

येथें स्कूटरची आठवण होते. १९७२ सालापासून आकुर्डीस निघूं लागलेली चेतक स्कूटर ज्यांनीं वापरली, त्यांस ठाऊक आहे कीं तिच्याबरोबर एक जादा चाक असे, आणि तिची रिम दोन बशा एकमेकींस नटांनीं जोडून केलेली असे. हवा पूर्ण काढून नट सोडले कीं दोन्ही बशा वेगळ्या होत व टायर हातानें निघे. मोटारसायकलला जादा चाकहि नाहीं व दोन बशांची रिमहि नाहीं. तिचा टायर अखंड रिमच्या कांठावरूनच उतरवावा व चढवावा लागतो. सर्व कठीणपणा यांत आहे.

हा कठीणपणा नीट समजून न घेतल्यामुळें लोक बळाचा आश्रय करतात. स्क्रूड्रायव्हर, पहार, नांगराचा मोडका फाळ, इतकेंच काय पण विळाहि टायरमध्यें खुपसलेला आम्हीं पाहिला आहे. त्यामुळें ट्यूब फाटते, रिमचा कांठ वांकतो, आणि तरफ निसटली तर हात अथवा डोळा जातो. मग तो मनुष्य म्हणतो कीं घरच्या हत्यारानें हें काम होत नाहीं. वस्तुतः दोष हत्याराच्या घरगुतीपणाचा नसतो.

गाडीचें उदाहरण घेऊं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढवितांना लोहार ती चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान ठेवतो, तापवून फुगवितो, लांकडावर बसवितो व पाणी ओततो. ती आंवळून बसते. टायरच्या दोन्ही कडांमध्यें पोलादी तार असते. (या कडेस दुकानांत ‘बीड’ म्हणतात, ज्याची कढई करतात त्या बिडाशीं किंवा त्या नांवाच्या जिल्ह्याशीं तिचा कांहीं संबंध नाहीं.) ही तार ताणत नाहीं, आणि तापवून फुगवावी तर रबर जळून जाईल. रिमचा कांठ, कड जेथें बसते त्या जागेपेक्षां सुमारें अर्धा इंच उंच असतो. दोन्ही बाजूंचा अर्धा अर्धा इंच धरला तर कांठाचा व्यास एक इंचानें अधिक, व म्हणून घेर तीन इंचांहून अधिक मोठा झाला. आतां न ताणणारी तार तीन इंच मोठ्या घेरावरून कशी जावी? जोर लावून ती जाणार नाहीं, हें गणितच सांगतें.

याचा उलगडा रिमच्या पोटांत आहे. टायर काढलेली रिम हातांत घेऊन पाहिल्यास तिच्या मधोमध एक पन्हळ दिसते. ती शोभेसाठीं नाहीं. हवेचा टायर १८८८ सालीं बेलफास्ट येथील डनलॉप नांवाच्या जनावरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं केला. परंतु तो चाकास चिकटविलेला असल्यामुळें पंक्चर काढणें हें मोठें संकट असे. पुढें १८९० सालीं इंग्लंडांतील चार्ल्स किंग्स्टन वेल्च यानें तारेच्या कडेचा टायर व मध्यें पन्हळ असलेली रिम यांचें पेटंट घेतलें. त्यांतील युक्ति इतकीच कीं, टायरची एक बाजू पन्हळींत उतरविली म्हणजे समोरच्या बाजूस तितकी तार ढिली पडते, व तेथून ती कांठावरून सहज निघते. आपल्या घरच्या मोटारसायकलचा टायर याच युक्तीवर निघतो. तरफ जेथें लाविली आहे, तिच्या बरोबर समोरची कड गुडघ्यानें दाबून पन्हळींत ठेवणें हें खरें काम. तरफ हें दुय्यम काम. ज्या वेळीं तरफेवर अंगाचा भार टाकावा लागतो, त्या वेळीं समोरची कड पन्हळींतून वर आलेली आहे असें खुशाल समजावें, व थांबावें.

आतां हत्यारांविषयीं. पहिलें हत्यार म्हणजे तरफ. गॅरेजवाले तिला टॉमी म्हणतात. अशा तीन लागतात. इमारतीच्या सळईची तरफ करूं नये. ती वांकते, व वांकलेली तरफ निसटते. मोडलेल्या ट्रकच्या कमानीचा पाटा भंगारवाल्याकडे मिळतो, त्याचें पोलाद उत्तम. एक फूट ते सव्वा फूट लांबीचा तुकडा घ्यावा, टोंक तापवून चमच्यासारखें किंचित् वळवून पातळ करावें, आणि कानशीनें सर्व धारा मारून गुळगुळीत करावें. टोंकावरून अंगठा फिरविला असतां कोठेंहि ओरखडा येतां कामा नये, कारण जें अंगठ्यास टोंचतें तें ट्यूबला फाडतें. येथें एक गोष्ट पुष्कळजण विसरतात. पाटा तापविला कीं त्याचें पाणी उतरतें. लोहार जसा फाळास पाणी पाजतो, तसें यासहि पुनः पाजावें, परंतु अति कडक ठेवूं नये. कडक टोंक तुटून उडतें, व तें कोठें उडेल हें सांगवत नाहीं. वेल्डिंगच्या दुकानांत हें होत नाहीं. तेथें तुकडा कापून हातीं देतात. हें काम भात्यावरच्या लोहाराचें आहे, आणि ज्या गांवांत असा लोहार अद्याप आहे त्या गांवानें त्यास असें काम द्यावें.

दुसरें हत्यार कड सोडविण्याचें. बरेच महिने बसलेला टायर गंजानें व उष्णतेनें रिमला धरून बसतो. हवा काढली तरी कड जागची हालत नाहीं, आणि ती सुटल्याखेरीज पन्हळींत उतरणार कशी? लोक यावर हातोडा चालवितात. त्यापेक्षां पांच फूट लांबीची जाड फळी घ्यावी. तिचें एक टोंक गोठ्याच्या मजबूत खांबास बिजागरीनें किंवा साखळीनें अडकवावें. त्या टोंकापासून एक फुटावर फळीच्या खालीं बाभळीचा आंखूड खुंटा बसवावा, व त्याचें खालचें तोंड रिमच्या गोलाईस जुळेल असें तासावें. चाक खालीं आडवें ठेवून खुंट्याचें तोंड टायरवर, रिमच्या अगदीं लगत, परंतु रिमवर नव्हे, असें टेकवावें व फळीचें मोकळें टोंक हळूहळू दाबावें. एक फूट व पांच फूट या प्रमाणामुळें दाब पांचपट होतो. टोंकावर साठ किलोचा भार पडला तर खुंट्याखालीं तीनशें किलोचा पडतो. याहून अधिकाची गरज आम्हांस कधीं पडली नाहीं. चाक थोडें थोडें फिरवीत दोन्ही बाजूंच्या कडा सोडवाव्या. ज्या झाडाचा कांटा चाकांत शिरला त्याच झाडाच्या लांकडानें टायर सोडवावा, यांत कांहीं न्यायहि आहे.

बाकीचें सामान घरांत असतेंच. चाक उघड्या जमिनीवर ठेवूं नये. मोटारीच्या जुन्या टायरवर आडवें ठेवल्यास ब्रेकच्या भागावर भार पडत नाहीं. रिमचा कांठ ओरबाडूं नये म्हणून ठिबकच्या जुन्या नळीचे वीतभर तुकडे उभे चिरून कांठावर बसवावेत. कडांस साबणाचें पाणी लावावें; ऑइल, ग्रीस किंवा डिझेल मुळींच नको, त्यानें रबर नासतें. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावावी म्हणजे ती आंत चिकटत नाहीं व चिमटत नाहीं. तसेंच ट्यूबला ठिगळ लावण्यापूर्वीं टायरच्या आंतून फडकें फिरवून कांटा शोधावा. कांटा तसाच ठेवून चाक चढविणारे व फर्लांगभर जाऊन पुनः उतरविणारे आम्हांस ठाऊक आहेत. टायरच्या अंगावर बाण असल्यास चाक पुढें फिरण्याच्या दिशेनें तो असावा. शेवटची वीतभर कड चढवितांना ट्यूबमध्यें किंचित् हवा असावी, आणि समोरची कड पन्हळींत आहे ना, हें पुनः पहावें. मागचें चाक परत बसवितांना ब्रेकच्या बशीस धरणारी आडवी पट्टी, तिचा नट व पिन हीं तीनदां तपासावींत. ती सुटली तर ब्रेक दाबतांच बशी फिरते व चाक जागच्या जागीं जाम होतें.

आतां मर्यादा. वर सांगितलेलें सर्व ट्यूब असलेल्या टायराविषयीं आहे. हल्लींच्या पुष्कळ मोटारसायकलींस ओतीव रिम व ट्यूब नसलेला टायर येतो. त्याचें पंक्चर टायर न उतरवितां चिकट दोरी भरून निघतें. दोरी, सुया व पंप जवळ ठेवले म्हणजे पुरे. त्याची कड रिमच्या उंचवट्यापलीकडे घट्ट बसलेली असते व परत बसविण्यास एकदम पुष्कळ हवा लागते, सबब तो टायर बदलावयाचा असल्यास दुकानांत न्यावा. कड बसत नाहीं म्हणून आंत पेट्रोल शिंपडून काडी लावण्याचा प्रकार कांहीं तरुण फोनवर पाहून करूं लागले आहेत. त्यांस वडील माणसांनीं वेळींच रोखावें. ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या चाकांस तर घरच्या हत्यारानें शिवूंच नये. विशेषतः ज्या जड चाकांच्या रिमला निराळें कडें असतें, तें कडें हवा भरतांना सुटल्यास जवळचा मनुष्य वांचत नाहीं.

या विषयावर बोलतांना आम्हांस दोन तऱ्हेचीं माणसें भेटतात. एक म्हणतात, हें शेतकऱ्याचें काम नव्हे. पंक्चरवाल्याचें पोट कशाला मारतां? त्यांस आमचें उत्तर असें कीं, पंक्चरवाला जेथें आहे तेथें त्याच्याकडेच जावें. आम्ही बोलतों तें जेथें तो नाहीं, किंवा असला तरी रात्रीं दुकान बंद करून घरीं गेलेला आहे, तेथलें. दुसरे म्हणतात, आपला शेतकरी मोठा हिकमती, तो कशानेंहि काम भागवितो. आणि ‘जुगाड’ म्हणून त्याचें कौतुक करतात. हें कौतुक आम्हांस मान्य नाहीं. आपल्या सुतार-लोहारांनीं केलेली पाभर किंवा कुळव हा जुगाड नव्हता. फणांचें अंतर पिकाप्रमाणें ठरलेलें असे, जूं बैलांच्या उंचीस जुळवून केलेलें असे, आणि वांकडें हत्यार शेतकरी परत करीत असे. घरीं केलेलें हत्यार तितक्याच मापानें व तितक्याच कसोटीनें केलेलें असावें. कामचलाऊपणास बुद्धिमत्ता म्हणूं लागलों तर मोडक्या फाळानें ट्यूब फाडणाराहि बुद्धिमान् ठरेल.

आणखी एक. गाडी हल्लीं घरांतील सर्वजण चालवितात. मुली कॉलेजास तीवर जातात, सुना डेअरीस जातात. टायर उतरविण्यास बळ लागतें ही समजूत असल्यामुळें त्यांस हें काम कोणी दाखवीत नाहीं. पन्हळीची युक्ति ज्यास कळली त्यास बळ लागत नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. सबब हें शिकवितांना घरांतील पुरुषांसच बोलावूं नये.

आपल्या संघाच्या शाखांनीं याची तजवीज करावी, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक वस्तीवर एक संच पुरे: तीन तरफा, फळी व खुंटा, पायानें दाबावयाचा पंप, आंस सोडविण्याचे पाने, ठिगळांची डबी व शंखजिरें. फळी व खुंटा जागेवर राहतील. बाकीचें पोत्यांत बांधून रस्त्यावर नेतां येईल. हा संच देवळांत किंवा चावडींत कुलपांत ठेवूं नये, कारण पंक्चर रात्रीं होतें व किल्ली असणारा मनुष्य त्याच रात्रीं परगांवीं असतो. ज्या घरीं कोणीतरी नेहमीं असतें अशा रस्त्यालगतच्या घराच्या ओसरीवर तो असावा, व सोबत दोरीस बांधलेली पेन्सिल आणि एक वही असावी. नेणाऱ्यानें तारीख, नांव व नेलेल्या वस्तु लिहाव्या, परत आणतांना सही करावी. तरफ वांकून आली तर नेणाऱ्यानें ती स्वतःच्या खर्चानें लोहाराकडून सरळ करून व पाणी पाजून आणून द्यावी, ही अट वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहावी.