तळपाय बघितलेत का?

वीकएंडला घरी फोन करता, बाबांची शुगर विचारता, आईचं बीपी विचारता. तळपाय कधी विचारलेत? हसू नका!

मेलॅनोमा म्हटलं की आपल्याला गोरी माणसं, बीच आणि सनस्क्रीन आठवतं. आपल्याकडे हा त्वचेचा कॅन्सर कमीच, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली. उन्हाशी त्याचा फारसा संबंध नाही. बॉब मार्लेला १९७७ मध्ये पायाच्या नखाखाली निघाला तो हाच. १९८१ मध्ये तो गेला, अवघ्या ३६व्या वर्षी.

आमच्या किन्हीराजात टाचेवर काळा डाग दिसला की उत्तर ठरलेलं, ‘काटा रुतला असन, होईन बरं.’ मग कुरूप समजून ब्लेडने कापणं सुरू. प्लीज, ते थांबवा. डाग पसरतोय, जखम महिनाभर भरत नाही, नखातली काळी पट्टी रुंदावतेय? मग डॉक्टरला दाखवा आणि बायोप्सीचं विचारा.

लवकर सापडला तर आजूबाजूच्या एक-दोन सेंटिमीटर चांगल्या त्वचेसकट डाग काढतात, गरजेप्रमाणे जांघेतली गाठ तपासतात. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. पसरला असेल तर जुनी केमो फारशी चालत नाही. मग इम्युनोथेरपी. तिच्यामागच्या शोधाला २०१८चं नोबेल मिळालं. पण तळपायाच्या मेलॅनोमात तिचा गुण कमी येतो आणि खर्च लाखांत जातो. तेव्हा ‘फायदा किती?’ हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. औषध सुरू असताना जुलाब लागले, दम लागला तर मेडिकलमधून गोळी आणू नका, डॉक्टरांना फोन करा.

ऑपरेशननंतरची काळजी कुणी सांगत नाही. जांघेतल्या गाठी काढल्या की पाय सुजू शकतो. त्याला घट्ट स्टॉकिंग आणि फिजिओ लागतो. दुखणं सोसण्यात शौर्य नाही, डॉक्टरांनी दिलेलं मॉर्फिन खुशाल घ्यावं.

वाशीमकरांना नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल जवळचं. मुंबईत टाटाला गेलात तर दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, आपल्याच वऱ्हाडातल्या बाबांची! उपचारासाठी जाणाऱ्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं माफ, हॉस्पिटलचं सर्टिफिकेट तेवढं लागतं. सोबत्याला पंचाहत्तर टक्के सूट. तो सोबती बहुतेक तुम्हीच असाल, रजा शिल्लक ठेवा.