रात्री दोनचा कुत्रा आणि पुण्याची अँटिबॉडी

सेकंड शिफ्ट संपवून रात्री दोनला कॅबमधून उतरायचं. कानात इअरफोन, एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्यात पार्सल. आणि गल्लीच्या तोंडाशी पाच-सहा कुत्र्यांची 'स्वागत समिती' हजर! हा सीन कुणाला नवीन नाही. परवा आमच्या ऑफिसातल्या एका मित्राला या समितीच्या अध्यक्षाने पोटरीला कडकडून चावा घेतला. साहेबांनी काय केलं? टिश्यूने रक्त पुसलं, सॅनिटायझर चोळलं आणि ताणून दिली. सकाळी दंडावर लस टोचून घेतली. डॉक्टर म्हणाले, "जखमेतही एक इंजेक्शन द्यावं लागेल." यावर आमचा हिरो म्हणाला, "लस झाली ना? मग आता कशाला?" आणि मीटिंगचं कारण सांगून थेट ऑफिस गाठलं.

लंचटाइमला त्याने हा किस्सा रंगवून सांगितला. मला मात्र हसू येईना.

कारण सिंपल आहे. लस म्हणजे शरीराला दिलेलं ट्रेनिंग. नवीन बॅच जॉइन झाली की पहिल्या दिवशी काम सुरू करते का? नाही ना! लशीनंतर स्वतःच्या अँटिबॉडी पुरेशा तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. रेबीजचा विषाणू तोवर वाट बघत बसत नाही. तो एकदा मज्जातंतूत शिरला की मेंदूकडे सरकू लागतो आणि लक्षणं दिसली की खेळ जवळजवळ खल्लास! जगात दरवर्षी अंदाजे 59,000 माणसं या रोगाने जातात. म्हणजे मधल्या दिवसांसाठी कुणीतरी रेडीमेड वॉचमन हवा. जखमेतलं ते इंजेक्शन म्हणजे हाच वॉचमन.

आता या वॉचमनचा फंडा बघा. रेबीजचा विषाणू दिसतो बंदुकीच्या गोळीसारखा आणि त्याच्या अंगभर ग्लायकोप्रोटीन नावाचे खुंट असतात. हे खुंट म्हणजे त्याच्या चाव्या. पेशीच्या कुलपात चावी बसली की हा आत! अँटिबॉडी येऊन या चावीलाच चिकटते. मग ती कुलपात बसणार कशी? विषाणू दाराबाहेरच अडकतो आणि शरीर त्याचा निकाल लावतं.

पूर्वी या अँटिबॉडी मिळायच्या घोड्यांच्या किंवा लस घेतलेल्या माणसांच्या रक्तातून. आजही मिळतात. पण घोड्याचं प्रथिन काहींना सोसत नाही आणि माणसांच्या रक्तातून काढलेलं औषध महाग, शिवाय पुरवठा तोकडा. 1975 मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन या दोघांनी एकाच प्रकारची अँटिबॉडी हवी तेवढी बनवायची युक्ती शोधली आणि 1984 मध्ये नोबेल पटकावलं. तिचंच नाव मोनोक्लोनल अँटिबॉडी.

पुढचा किस्सा सॉलिड आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायोलॉजिक्स या संस्थेच्या संशोधकांनी असे उंदीर वापरले, ज्यांच्यात माणसाच्या अँटिबॉडीची जनुकं बसवली होती. उंदीर त्यांचा, अँटिबॉडी मात्र आपल्यासारखी! त्यातून निवडलेली 17सी7 ही अँटिबॉडी रेबीजच्या वेगवेगळ्या वाणांना अडवते असं दिसलं. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्यांच्याबरोबर तिचं औषध बनवलं. भारतात 200 जखमी रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि 2017 मध्ये 'रॅबिशिल्ड' नावाने ते बाजारात आलं. डोसचा हिशोब बघा. 60 किलोच्या माणसाला घोड्याच्या सीरमची 2,400 युनिट्स लागतात, माणसाच्या सीरमची 1,200 आणि याची सुमारे 200.

पण विषाणूने चावीचा आकारच बदलला तर? म्हणून काही कंपन्या दोन अँटिबॉडींचं कॉकटेल करतात. अहमदाबादच्या झायडसच्या 'ट्विनरॅब'ला भारतात 2019 मध्ये मंजुरी मिळाली. दोघी दोन वेगळ्या जागी चिकटतात. एक हुकली तरी दुसरी आहे! (हे कॉकटेल वीकेंडचं नाही, हे सांगायला नकोच.)

पण बॉस, एवढं सगळं डोकं लढवून बनवलेलं औषध बाटलीतच राहिलं तर त्याचा उपयोग शून्य. चावा बसला की आधी साबण आणि वाहत्या पाण्याने जखम 15 मिनिटं धुवायची. पंधरा म्हणजे पंधरा, मोबाइलवर टायमर लावा. हळद-चुना बिलकुल नाही. त्याच दिवशी डॉक्टर. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेतलं इंजेक्शनही घ्यायचं. राहून गेलंच असेल तर पहिल्या लशीपासून सात दिवसांच्या आत, पण जितकं लवकर तितकं बरं. लशीचे पुढचे डोस ठरलेल्या तारखांनाच. आधी लशीचा पूर्ण कोर्स झाला असेल तर गणित वेगळं, ते डॉक्टर सांगतील.

आमच्या हिरोला त्याच संध्याकाळी दोघांनी धरून नेलं. पोटरीत सुई गेल्यावर तो असा किंचाळला की बाहेरच्या बाकावरचं पोर रडायला लागलं. बाहेर येऊन म्हणतो कसा, "कुत्रा परवडला यार!"

नाही परवडत, मित्रा. मीटिंग उद्या पुन्हा लावता येते.