ओपन हाऊस... पण दार कुणासाठी उघडं?

'कॉन्व्हेंटची मुलगी आणि मराठी विभागात?' असं म्हणून पान उलटू नका! विषय तुमच्या-माझ्या आईबाबांचा आहे.

'ओपन हाऊस' हा शब्द आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांच्या चांगलाच ओळखीचा. वर्षातून एक-दोनदा संध्याकाळी शाळा सजते, भिंतींवर चार्ट लागतात, तपासलेले पेपर टेबलावर येतात आणि पालक बाकावर बसून आपला नंबर कधी लागतो याची वाट बघतात. ही पद्धत बाहेरून आलेली. अमेरिकेत शाळा सुरू झाली की एका संध्याकाळी पालकांना वर्गात बोलावतात आणि ते ऑफिस सुटल्यावर गाडी काढून येतात. तिथल्या पालक-शिक्षक संघटनेचं मूळ आहे १८९७ साली वॉशिंग्टनला भरलेल्या मातांच्या परिषदेत. म्हणजे आधी आया एकत्र येऊन बोलल्या. आपण मात्र तिथली संध्याकाळ तेवढी उचलली, आयांचं बोलणं तिकडेच राहिलं!

माझे बाबा वेकोलिच्या कोळसा खाणीत आहेत. ओपन हाऊस असलं की त्यांची नेमकी सेकंड शिफ्ट. मग आई यायची. मॅडम पाच मिनिटं इंग्रजीतून बोलायच्या, आई मान डोलवायची आणि गेटबाहेर आल्यावर मलाच विचारायची, "का म्हणत होती वं मॅडम?" म्हणजे माझ्या प्रगतीचा अहवाल आईला सांगणार कोण? मीच! एवढी सोय कुठल्या आरोपीला तरी मिळते का?

हे झालं चंद्रपूर शहरातलं. माझी रूममेट एटापल्ली तालुक्यातली, पहिलीपासून आश्रमशाळेत राहून शिकलेली. तिच्या शाळेतही पालकसभा व्हायची. गुरुजी मराठीत बोलायचे आणि समोर बसलेल्यांची भाषा माडिया. रजिस्टरवर अंगठा, चहा-बिस्कीट, संपली सभा. तिच्या वडलांना भाकरीची, आजारपणाची, पोरगी रात्री रडते का याची चौकशी करायची होती. ती मनातच राहिली. माझी शाळा आणि तिची शाळा यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण दोघींच्या आईबाबांची गत एकच. बोलावलं होतं, पण बोलू दिलं नव्हतं.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "इकडच्या पालकांना आवडच नाही हो! बोलावलं तरी येत नाहीत." खरंच? मग बोलावता कधी ते बघा. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता. त्या दिवसांत घरी बसलेला माणूस वर्षभर काय खाणार? आणि संध्याकाळी बोलावलं तर परतायचं कसं? शेवटची एसटी निघून गेलेली, वाट जंगलाची. ताडोब्याच्या आसपासच्या गावांत अंधार पडल्यावर रस्त्याने जाणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि हेच लोक झाडीपट्टीच्या नाटकाला येतात की नाही? दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की वडश्याच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात. थंडीच्या दिवसांत, अंगावर चादर घेऊन, म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया रात्र रात्र बसतात आणि उजाडल्यावर घरी जातात. कारण नाटक त्यांच्या बोलीत असतं, त्यांच्या सवडीने असतं आणि तिथे त्यांना कोणी अडाणी समजत नाही. तेव्हा प्रश्न आवडीचा नाही, निमंत्रणाचा आहे.

कायदा तर केव्हाच झाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात असं सांगितलं. (विनाअनुदानित खाजगी शाळा त्यातून सुटल्या, म्हणजे आमचं कॉन्व्हेंटही!) पण खुर्ची मिळाली म्हणून तोंड उघडतं असं नाही. त्यासाठी बोलावणाऱ्याला दोन पावलं पुढे यावं लागतं. हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आधी माडिया भाषा शिकले. पेशंटने मराठी शिकून यावं, मग तपासू, असं ते म्हणाले नाहीत!

आता आपल्या हॉस्टेलकडे या. आपल्यापैकी कितीजणांच्या आईबाबांनी ॲडमिशनच्या दिवसानंतर कॉलेज पाहिलंय? त्या दिवशीसुद्धा काय पाहिलं, तर फी भरायची खिडकी. पुढे फर्स्ट इयरला तीन-चार विषय राहिले की एखादा मुलगा गुपचूप बॅग भरून गावी जातो. घरी एवढंच कळतं, "पोरगा नापास झाला." एटीकेटी म्हणजे काय, राहिलेले विषय पुन्हा देता येतात, वर्ष वाया जाईलच असं नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. आणि त्याला घरात काय अडचण होती, हे सरांनाही कळत नाही. चार वाक्यांच्या बोलण्याअभावी एका घरातला पहिला इंजिनिअर जातो. हे नुकसान कुणाचं?

म्हणून प्राचार्य, रेक्टर आणि आपण सगळ्यांपुढे एक सूचना ठेवते. जानेवारीत, धानाची मळणी आटोपल्यावर आणि मोह पडायच्या आधी, एक 'पालकरात्र' ठेवू या. तेव्हा हिवाळी परीक्षाही झालेली असते. दुपारी वर्कशॉप आणि लॅब दाखवू. शेतातली मोटर स्वतः उघडून बसवणाऱ्या बाबांना तिथलं बरंच काही कळेल, कदाचित आपल्यापेक्षा जास्त! संध्याकाळी सर त्यांच्याशी मराठीत बोलतील. माडिया, गोंडी, तेलुगू बोलणारे आपल्यातच आहेत, ते दुभाषे होतील. मात्र कोणीही स्वतःच्या आईबाबांचा दुभाषा व्हायचं नाही, ही अट! रात्री मेसमध्ये जेवण, हॉलमध्ये सतरंज्या आणि सकाळच्या एसटीने परत.

खर्च? गॅदरिंगच्या एका रात्रीच्या डीजेपेक्षा कमीच येईल. आणि मेसची भाजी एकदा आपल्या आयांनी चाखलीच पाहिजे. मग बघा सुधारते की नाही!

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी