घरची गाळणी सोबत नेताना

जाहिराती गाळणे ही केवळ डोळ्यांच्या सोयीची बाब नाही. जाहिरातींमागे चालणारी माहितीची खरेदी-विक्री हा खरा प्रश्न आहे. नमाजाच्या वेळा दाखवणाऱ्या 'मुस्लिम प्रो' ॲपमधून वापरकर्त्यांचे लोकेशन 'एक्स-मोड' या कंपनीकडे जात होते आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते, असे वृत्त नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड'ने दिले. त्यानंतर ॲपने हे संबंध तोडत असल्याचे जाहीर केले.

माझ्या धामापूरच्या घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर 'पाय-होल' चालते. फोनने जाहिरातींच्या किंवा माग काढणाऱ्या सर्व्हरचा पत्ता विचारला आणि त्याचे नाव यादीत असले, तर पाय-होल पत्ता देतच नाही. पण फोन मालवणच्या बाजारात गेला की तो पत्ते मोबाइल कंपनीला विचारतो. गाळणी घरीच राहते.

यावर 'वायरगार्ड' हा उपाय आहे. फोन आणि घर यांच्यात तो कूटबद्ध मार्ग तयार करतो. त्यातून फक्त पत्त्यांची विचारणा घरी पाठवावी. व्हिडिओ, फोटो थेट मोबाइल डेटावर येऊ द्यावेत. विचारणा अगदी लहान असल्याने गावातले मंद इंटरनेटही पुरते. मात्र ५३ क्रमांकाचे पोर्ट जगासाठी उघडू नये, फक्त वायरगार्डचे उघडावे. घरच्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता नसेल तर तो सेवा कंपनीकडे मागावा. कोकणच्या पावसात वीज जाणारच, म्हणून राउटर आणि पाय इन्व्हर्टरवर ठेवावेत.

एवढे जमले की दुसरा प्रश्न उभा राहतो. आता पत्नी, मुलगी, आई घराबाहेर असतानाही त्यांच्या फोनने कधी कोणते संकेतस्थळ शोधले, याची नोंद घरातल्या एका माणसाच्या हाती येते. बहुतेक घरांत तो माणूस पुरुष असतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो कंपन्यांकडे मागायचा आणि आपल्याच उंबरठ्याच्या आत नाकारायचा, हे चालणार नाही.

म्हणून पाय-होलमधील नोंदी बंद कराव्यात आणि गोपनीयतेची सर्वांत कडक पातळी निवडावी. घरातल्या प्रत्येकाला ही व्यवस्था समजावून सांगावी, संमती घ्यावी आणि वायरगार्ड बंद करण्याचे बटण ज्याच्या त्याच्या हाती ठेवावे. विचारल्याशिवाय दिलेले संरक्षण ही पाळतच असते.