अण्णांची कबुतरं आणि बाबांचे फोन

कबुतर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? एसीच्या युनिटवरची घाण, बाल्कनीला ठोकलेली जाळी आणि रविवारी सकाळी सहा वाजता खिडकीशी चाललेलं ते गुटर्रगूं. मुंबईकर असाल तर 2025 मध्ये ताडपत्रीने झाकलेला दादरचा कबुतरखाना आणि त्यावरून झालेली भांडणं. माझं मतही याहून फार वेगळं नव्हतं. मग कंपनीने मला चेन्नईला पाठवलं, पेरंबूरला दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके मिळाला आणि पहिल्याच रविवारी कळलं, की आपल्या डोक्यावर, म्हणजे अक्षरशः डोक्यावर, गच्चीत चाळीस कबुतरं राहतात.

तणतणत वर गेले. घरमालक ढाबळ खरवडत होते. तोंडाला मास्क, हातात पत्रा. (मास्क शोभेचा नाही. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की कायमचा आजार होऊ शकतो, हे अण्णांना माझ्याआधीपासून माहीत आहे.) अण्णा रेल्वेतून रिटायर झालेत. माझं हिंदी-इंग्रजी मिश्रित भाषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘ये कबूतर नहीं मा. ये होमर है.’’ मारुतीला मारुती आणि मर्सिडीजला मर्सिडीज म्हणावं, या सुरात!

तर दोस्तहो, होमर म्हणजे लांबून घरी परत येण्यासाठी पिढ्यानपिढ्या निवडलेली कबुतरं. आजची शर्यतीची जात एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये घडली. रॉयटर्सचा संस्थापक पॉल ज्युलियस रॉयटर याने 1850 मध्ये आखेन ते ब्रसेल्स शेअर बाजाराचे भाव कबुतरांच्या पायाला बांधून पाठवले, कारण मधल्या भागात तेव्हा टेलिग्राफची तारच नव्हती. आपल्याकडे ओडिशा पोलिसांनी 1946 मध्ये सुरू केलेली कबुतर सेवा एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकली. 1999 च्या महाचक्रीवादळात फोन आणि वायरलेस बंद पडल्यावर तिचा उपयोगही झाला. आता निरोपांचं काम मोबाइलने घेतलं आणि शर्यत तेवढी उरली. पैसा किती असावा यात? 2020 च्या नोव्हेंबरमध्ये बेल्जियमची ‘न्यू किम’ नावाची दोन वर्षांची मादी लिलावात 16 लाख युरोंना गेली. म्हणजे साधारण 14 कोटी रुपये. तुमच्या-माझ्या होम लोनचं काय घेऊन बसलात!

मला वाटायचं, कबुतराला उडायला शिकवत असतील. चूक. अण्णा शिकवतात ते घरात शिरायला. पिल्लू आठवड्याचं झालं की त्याच्या पायात अखंड कडी सरकवतात. पाय वाढला की ती निघत नाही. तिच्यावर साल आणि नंबर, हाच त्याचा पासपोर्ट. चारेक आठवड्यांनी पिल्लू आईबापापासून वेगळं होतं. ढाबळीच्या तोंडाशी तारांचा पडदा असतो. बाहेरून ढकलला की उघडतो, आतून ढकलला तर नाही. संध्याकाळी भुकेला थवा उडवायचा, मग शिट्टी मारून डब्यात मका-ज्वारी खुळखुळवायची. आवाज म्हणजे दाणे, दाणे म्हणजे घर. हे एवढं पक्कं झालं की निम्मं काम झालं. कारण शर्यत गच्चीवर पोचून संपत नाही, आत शिरल्यावर संपते. कठड्यावर बसून पंख साफ करणारं कबुतर शेवटच्या पाच मिनिटांत नऊशे किलोमीटर पाण्यात घालवू शकतं.

मग टोपली. आधी 5 किलोमीटर, मग 10, 20, 40. अण्णांचा मुलगा बाइकवरून नेऊन सोडतो आणि तो परत यायच्या आत कबुतरं दाणे टिपत असतात. पुढे क्लबचा ट्रक. पोंगलच्या आगेमागे मोसम सुरू होतो आणि ट्रक उत्तरेकडे एकेक टप्पा वाढवत जातो. सरळ रेषेत मोजलं तर गुडूर सव्वाशे किलोमीटर, ओंगोल 270, विजयवाडा 380. आणि मोठ्या शर्यतींपैकी एक म्हणजे, अंतर सुमारे 900 किलोमीटर... नागपूर!

आता मी नागपूरची. अण्णांच्या वहीत माझ्या गावाचं नाव वाचून उगाच छाती फुगली. जीटी एक्स्प्रेसमध्ये एक रात्र घालवून मी जो रस्ता कापते, तोच हे साडेचारशे ग्रॅमचे प्राणी स्वतःच्या पंखांवर कापतात.

‘‘रस्ता कसा कळतो?’’ मी विचारलं. अण्णांनी वर बोट दाखवलं. म्हणजे देव. पण पहिलं उत्तर सूर्यही आहेच. शरीरातल्या घड्याळाची सूर्याच्या जागेशी सांगड घालून कबुतर दिशा ओळखतं. ढगाळ दिवशी पृथ्वीचं चुंबकत्व कामी येतं, हे 1970 च्या दशकात कबुतरांच्या पाठीला लोहचुंबक बांधून तपासलं गेलं. इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की वाऱ्यावरून येणारे वासही त्यांच्या नकाशात असतात. आणि 2004 मध्ये ऑक्सफर्डच्या मंडळींना आढळलं, की ओळखीच्या भागात कबुतरं चक्क हायवे धरून उडतात, जंक्शनला वळतातसुद्धा! चोचीतल्या लोहकणांचं होकायंत्र मात्र 2012 मध्ये बाद झालं. त्या पेशी साध्या रोगप्रतिकारक निघाल्या. थोडक्यात, कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.

जिंकतो कोण, हेही मजेशीर आहे. प्रत्येकाची गच्ची वेगळ्या अंतरावर, म्हणून पहिला पोचला तो जिंकला असं नसतं. अंतर भागिले वेळ, मिनिटाला किती मीटर, यावर निकाल. पूर्वी कबुतराच्या पायातला रबर काढून सीलबंद घड्याळात टाकायला धावावं लागे. आता पायात चिप असते, ढाबळीच्या दारातल्या पट्टीवर पाय पडला की वेळ नोंदली जाते. तरी फसवणारे फसवतातच. 2017 मध्ये शांघायच्या एका शर्यतीत दोघांनी कबुतरं दुधाच्या खोक्यांत लपवून बुलेट ट्रेनने आणली. वेळ इतकी अचाट लागली की संशय आला. मग पुरावा नको म्हणून त्यांनी ती कबुतरं मारून टाकली. दुसऱ्या वर्षी कोर्टात शिक्षा झाली. ही गोष्ट मी अण्णांना हसत हसत सांगायला गेले. ते हसले नाहीत.

खरी मेख मात्र पुढेच आहे. कबुतर जीव तोडून परत का येतं? दाण्यांसाठी फक्त नाही. बेल्जियमवाल्यांची जुनी युक्ती अशी, की जोडी जमवायची, आठवडाभर नर-मादीला वेगळं ठेवायचं, ट्रकमध्ये चढवण्याआधी थोडा वेळ भेटवायचं आणि नेमकं तेव्हाच उचलायचं. (आमच्या एचआरला कुणी हे सांगू नका, प्लीज.) काही माद्या अंड्यांवर असताना किंवा घरट्यात लहान पिल्लू असताना सर्वांत जोरात येतात. अण्णांच्या सहा कबुतरांत एक निळसर, पंखांवर दोन काळ्या पट्ट्यांची मादी होती. कडीचे शेवटचे आकडे 417. तिचं पिल्लू आठ दिवसांचं. ते नरावर सोपवून ती नागपूरला गेली.

फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार. पहाटे पावणेसहाला मी बाबांना फोन लावला.

‘‘काय गं, सगळं ठीक आहे ना?’’ आधी घाबरलेच.

‘‘हो हो. आभाळ कसं आहे ते सांगा ना.’’

‘‘काय करून राहिली तू एवढ्या सकाळी?’’ असं म्हणत गच्चीवर गेले. ‘‘एकदम साफ आहे. वारा नाही.’’

सव्वासहाला कबुतरं सुटली. आमच्या घरून ती दिसणार नव्हतीच, पण बाबा म्हणे अर्धा तास मान वर करून उभे होते. तुम्हाला सांगते, आमचे बाबा म्हणजे फोन आईच्या हातात देणारे बाबा. त्या दिवशी अकराला फोन आला, ‘‘चंद्रपूर गेलं असेल ना?’’ दोनला, ‘‘तिकडे ऊन किती आहे? पाणी कुठे पितील?’’ सहाला, ‘‘आलं का गं एखादं?’’

नव्हतं आलं. कबुतरं अंधारात सहसा उडत नाहीत. कुठेतरी झाडावर, टॉवरवर रात्र काढतात. शर्यतीच्या हिशेबातूनही रात्रीचे तास वजा करतात. अण्णा रात्री जेवले नाहीत. अक्का म्हणाल्या, दरवर्षीचंच आहे.

रविवारी सकाळी आठ चाळीसला एक ठिपका आला. गोल नाही, घिरटी नाही, पंख मिटून सरळ खाली. पट्टीवर पाय, बीप. रात्र वजा जाता साडेचौदा तासांचं उड्डाण, ताशी बासष्टच्या आसपास. ठेवलेल्या पाण्यात त्याने चोच बुडवली ती बराच वेळ काढलीच नाही. दुपारपर्यंत तीन आली. सोमवारी चौथं, शेपटीची पिसं गेलेली. ससाणा असावा.

417 आली नाही. पाचवंही नाही.

मी अण्णांना विचारलं, जरा चिडूनच. एवढं लांब पाठवायचंच कशाला? पिल्लू घरात असताना? विजयवाड्याहून ती दर वेळी आली होती, तिथेच थांबायचं ना. वारा, विजेच्या तारा, ससाणे, कुणाची तरी गुलेल. कितीतरी मोठ्या शर्यतींत असे घोळ झालेत. 1997 मध्ये फ्रान्समधल्या नांतहून साठ हजारांवर कबुतरं इंग्लंडकडे सोडली होती, त्यातली हजारो परतलीच नाहीत. अण्णा बराच वेळ नरासमोर बसून होते. तो एकटाच पिल्लाला भरवत होता. मग म्हणाले, ‘‘वो घर के लिए उडती है. मेरे लिए नहीं. मैंने उसका घर यूज किया.’’

यावर काय बोलणार? खेळ मला आवडतो हे मी नाकारणार नाही. तो ठिपका दिसला तेव्हा मीही किंचाळले होते. पण त्या आनंदाची किंमत कोण मोजतं, हेही त्या दोन दिवसांत दिसलं. अण्णांनी वहीत दोन ओळी वाढवल्या. पिल्लं असलेली मादी पाचशे किलोमीटरच्या पुढे नाही. ऊन वाढल्यावर नागपूर नाही. क्लबमध्ये लोक हसतील, म्हणाले. हसू देत.

आज एकोणीस दिवस झाले. पिल्लाला पिसं आली, ते उडतं. बाबांचा फोन रोज असतो. ‘‘आली का?’’ ‘‘नाही.’’ मग इकडचं तिकडचं, ऑफिस, जेवण, गुडघा. परवा म्हणाले, ‘‘अण्णा दार उघडं ठेवतात ना?’’ ठेवतात. पाणीही रोज बदलतात. दमलेली कबुतरं कधीकधी महिन्यांनीही परततात, असं ते सांगतात.

तर एक विनंती. तुमच्या, विशेषतः चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या, गच्चीत पायात कडी असलेलं कबुतर दमून बसलेलं दिसलं, तर हाकलू नका. आधी पाणी, मग मूठभर ज्वारी, मका किंवा मसूर. ब्रेड नको. मांजरापासून लांब, हवेशीर खोक्यात रात्रभर ठेवा, हात साबणाने धुवा आणि सकाळी ऊन पडलं की सोडा. रस्ता ते बघून घेईल. सोडण्याआधी फक्त कडीचा नंबर वाचा.

शेवटी 417 असेल, तर मला कळवा. बाबा विचारतात.